वादळानंतरचे पाहुणे

समुद्रात शिरलेल्या जमिनीच्या उंच टोकाला भूशिर म्हणतात. उर्दूत कन्याकुमारीला आपण रासकुमारी म्हणतो ना? त्यातला 'रास' म्हणजेच भूशिर. रत्नागिरीचा रत्नदुर्ग किल्ला अशाच भूशिरावर आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे.

पावसाळ्यात मोठे वादळ होऊन गेले, की अशा ठिकाणाहून एरवी न दिसणारे पक्षी दिसू शकतात. कुरव मात्र शोधू नका. ते आपल्याकडे हिवाळ्यात येतात. हे पाहुणे भर समुद्रातले. ते अंडी घालायला निर्जन बेटांवर उतरतात. त्यांचे बहुतेक आयुष्य समुद्रावरच जाते. मग ते किनाऱ्याकडे का येतात? नैऋत्येचा जोराचा वारा त्यांना ढकलत आणतो. खवळलेल्या पाण्यात मासे पकडणेही कठीण होते. उपाशी, थकलेला पक्षी वाऱ्यापुढे हरतो.

मास्क्ड बूबी हा असाच एक पक्षी. अंग पांढरे, पंखांना काळी किनार, चोच पिवळसर आणि चेहऱ्यावर जणू काळा नकाब! तो वाळूवर बसलेला दिसला, की लोक दयेने त्याला पुन्हा पाण्यात सोडतात. असे कधीही करू नका. त्याला पाणी नको, विश्रांती हवी असते. लाटांत तो मरून जाईल. कुत्र्यांना हाकला आणि मोठ्या माणसांना बोलवा. त्याची चोच भाल्यासारखी असते, म्हणून तुम्ही हात लावू नका. भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात त्याला ठेवून वनखात्याला कळवावे.

पक्षी पाहायला वारा पडल्यावर, मोठ्यांबरोबरच जा. कड्यापासून दूर बसा. दुर्बीण नसली तरी चालेल. लाटांवर एकाच जागी नजर ठेवा.