आमवात: सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती
आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वयोमानाने सांधे झिजण्याचा आजार नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. अस्तर सुजते, पुढे कूर्चा आणि हाड पोखरले जाते. स्त्रियांत तो अधिक आढळतो. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळचा ताठरपणा तासभर सुटत नाही. आरए फॅक्टर ही या आजारासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते, म्हणून चिठ्ठीवर वार ठळक लिहिलेला हवाच. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि दुर्दैवाने नेमके याच काळात काही रुग्ण औषध सोडतात. नुसत्या वेदनाशामकांनी दुखणे दबते, सांध्याची हानी मात्र चालूच राहते.