एका टिंबाची किंमत

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला, तर लहान कारखान्यांतही आता सीएनसी मशिन दिसते. काचेआड टूल फिरत असते, दुधाळ कूलंटची धार सुरू असते आणि ऑपरेटरची नजर पडद्यावरील आकड्यांवर खिळलेली असते. हे यंत्र कमालीचे आज्ञाधारक आहे आणि त्याचा खरा धोकाही तोच आहे. समजा, एक खाच कापून झाल्यावर टूल जॉबच्या ५० मिलिमीटर वर उचलायचे आहे. हाताने आज्ञा लिहिताना ‘झेड ५०’ लिहिले गेले आणि पुढचे दशांशचिन्ह राहून गेले. अनेक कंट्रोलरच्या एका प्रचलित मांडणीत टिंब नसलेला आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजला जातो. त्यामुळे टूल जॉबच्या वर जेमतेम ०.०५ मिलिमीटरवर, म्हणजे केसाच्या जाडीइतक्या अंतरावर थांबते. पुढच्याच ओळीत पूर्ण वेगाने आडवे धावण्याची आज्ञा असते आणि वाटेत जॉब घट्ट धरणारा क्लॅम्प असतो. टूल तुटते, जॉब भंगारात जातो आणि स्पिंडलचे बेअरिंग दुखावले, तर मशिन कित्येक दिवस बंद राहते. बँकेचे हप्ते फेडणाऱ्या छोट्या उद्योजकाला एक टिंब असे महागात पडते.

अशा चुका टाळाव्यात आणि गुंतागुंतीचे आकार कापता यावेत, यासाठी ‘कॅम’ सॉफ्टवेअर वापरले जाते. संगणकावरील ड्रॉइंगवरून टूलने कोणत्या मार्गाने फिरावे हे ते ठरवते आणि त्या मार्गाचे मशिनला समजणाऱ्या ‘जी-कोड’मध्ये रूपांतर करते. टिंबे ते विसरत नाही. मात्र, त्याला माहिती देणारा माणूसच असतो. ही माहिती ज्या पडद्यावरून दिली जाते त्याची मांडणी, म्हणजेच सॉफ्टवेअरचा इंटरफेस, कशी आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

आकड्यांनी चालणाऱ्या मशिनची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी मांडली आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने असे मिलिंग मशिन चालवून दाखवले. तेव्हा आज्ञा कागदी पट्टीवरील छिद्रांतून दिल्या जात. १९५९ मध्ये डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली ‘एपीटी’ ही भाषा जगासमोर आली आणि आकड्यांच्या जोडीला शब्दांतून आज्ञा देता येऊ लागल्या. जपानच्या माझाक कंपनीने १९८१ मध्ये प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने प्रोग्राम करण्याची सोय मशिनवरच दिली. पुढे त्रिमितीय चित्रे आली. या साऱ्या प्रवासाची दिशा एकच होती : माणसाने यंत्राच्या भाषेत विचार करण्याऐवजी यंत्राने माणसाच्या विचाराच्या जवळ यावे.

म्हणूनच चांगल्या इंटरफेसची पहिली कसोटी क्रमाची आहे. अनुभवी सेटर आधी जॉब कुठे आणि कसा पकडायचा ते पाहतो, मग शून्यबिंदू ठरवतो, टूल निवडतो आणि शेवटी काप किती खोल घ्यायचा याचा विचार करतो. पडद्यावरील मांडणी याच क्रमाने असेल, तर सॉफ्टवेअर शिकायला सोपे जाते. शून्यबिंदूसारखी कळीची गोष्ट चौथ्या खिडकीच्या तिसऱ्या कप्प्यात दडलेली असेल, तर ती कधी ना कधी विसरली जाणारच.

दुसरी कसोटी आकड्यांची. कापण्याचा वेग मिनिटाला १०० मीटर ठेवायचा असेल, तर १० मिलिमीटर व्यासाचे टूल मिनिटाला सुमारे ३,१८० फेऱ्यांनी फिरवावे लागते. त्याच टूलला चार दाते असतील आणि प्रत्येक दात्याने ०.०५ मिलिमीटर पुढे जायचे असेल, तर टूल मिनिटाला सुमारे ६३५ मिलिमीटर सरकते. आता ५ मिलिमीटरचे टूल निवडले, तर फेऱ्या दुप्पट, म्हणजे ६,३६० च्या घरात जातात. चांगले सॉफ्टवेअर हे गणित स्वतः करते, बदललेला आकडा ठळक दाखवते आणि मशिनची मर्यादा ६,००० फेऱ्यांची असेल, तर तिथेच सांगते. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एककही दिसलेच पाहिजे. ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले, एका सॉफ्टवेअरने पौंडाच्या एककात दिलेले आकडे दुसरीकडे मेट्रिक समजून वापरले गेले होते. इंच आणि मिलिमीटर यांत गल्लत झाली, तर आकार २५.४ पटींनी चुकतो.

तिसरी कसोटी चित्राची. टूलचा मार्ग पडद्यावर आधी चालवून पाहता येणे ही आता नेहमीची सोय आहे; प्रश्न आहे तो चित्रात काय दाखवले जाते याचा. अनेकदा आदळते ते टूलचे टोक नव्हे, तर त्याला धरणारा होल्डर. तेव्हा होल्डर, व्हाइस आणि क्लॅम्प हेही चित्रात हवेत. प्रत्यक्ष कापण्याची रेघ आणि मोकळ्या धावेची रेघ वेगवेगळी दिसायला हवी. हा फरक केवळ लाल-हिरव्या रंगांवर सोपवू नये. रंगांध व्यक्तीलाही तो कळावा म्हणून एक रेघ तुटक असणे बरे. ड्रॉइंगमधील एखादे माप बदलले आणि जुना मार्ग तसाच राहिला, तर ‘हा मार्ग आता शिळा झाला आहे’ अशी खूण आपोआप उमटली पाहिजे.

सर्वांत अवघड कसोटी इशाऱ्यांची. ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग झाला आणि त्यांतील काही दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता; पण पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच दिसे. असे निरर्थक संदेश वारंवार येत असल्याने एक कळ दाबून पुढे जाण्याची ऑपरेटरांना सवय जडली होती. कारखान्यातही हेच घडते. दहा क्षुल्लक इशाऱ्यांवर ‘ओके’ दाबणारे बोट अकराव्या, खऱ्या इशाऱ्यावरही तितक्याच सहजपणे पडते. म्हणून इशारे मोजके असावेत आणि त्यांत काय चुकले, कुठे चुकले व आता काय करावे, या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘क्रमांक ४ च्या टूलचा होल्डर डाव्या क्लॅम्पला धडकतो’ हे वाक्य कोणत्याही सांकेतिक क्रमांकापेक्षा उपयोगी ठरते.

नवख्याला सोपे ते जाणकाराला कंटाळवाणे, ही अडचण मात्र खरी आहे. दिवसाला वीस प्रोग्राम करणाऱ्याला प्रत्येक वेळी पायरीपायरीने विचारणारा पडदा नको असतो; त्याला की-बोर्डवरील झटपट कळा आणि मागील कामांतून साठवलेली मापे हवी असतात. दोघांची सोय एकाच पडद्यावर साधणे हे कसबाचे काम आहे. नव्या आवृत्तीत नावीन्यासाठी बटणांच्या जागा बदलल्या, तर हाताला बसलेले वळण मोडते आणि चुका वाढतात.

तरीही पडद्यावरील सुरक्षितता ही अर्धीच सुरक्षितता आहे. चित्रात काढलेला व्हाइस आणि टेबलावर बसवलेला व्हाइस वेगळे असतील, तर सॉफ्टवेअरला ते कळण्याचा मार्ग नाही. म्हणूनच जाणता सेटर नवा प्रोग्राम प्रथम एकेक ओळ करून, वेग कमी ठेवून आणि मशिन थांबवण्याच्या बटणावर हात ठेवूनच चालवतो. प्रोग्रामरने कोणती टूल आणि कोणता शून्यबिंदू गृहीत धरला, याचा सेटअपचा कागद त्याच्या हाती असावा लागतो. तो त्याला समजेल अशा भाषेत असावा.

कॅम सॉफ्टवेअर विकत घेताना विक्रेत्याने आणलेल्या नमुन्यावर भाळू नये. आपलेच एक किचकट ड्रॉइंग द्यावे, आपल्याच नवख्या मुलाला बसवावे आणि काम अर्ध्यावर आले की एक माप बदलायला सांगावे. काय बदलले आणि काय पुन्हा तपासायला हवे, हे पडद्याने त्याला न विचारता दाखवले, तर ते सॉफ्टवेअर पैशांचे मोल देणारे आहे असे समजावे.