‘लागणे’, ‘सुटणे’, ‘गळणे’ : स्त्रियांचा एक अबोल विकार आणि शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय

१९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. परंतु तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्केच होत्या, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. ही पाहणी मूत्रविकारांपुरती नव्हती. तथापि रोग असणे आणि तो बोलला जाणे यांतील अंतर तीत स्पष्ट दिसते. लघवीवर ताबा न राहण्याचा विकारही याच अंतरात दडून राहतो.

या विकाराविषयी मराठीत तीन क्रियापदे सहज येतात. तिन्हींचा कर्ता लघवी आहे, स्त्री नव्हे. जणू तिच्या हाती काही नाहीच. वस्तुतः पुष्कळ आहे. ‘खोकलले की सुटते’ ही तक्रार मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू सैलावल्याची होय. सरपणाची मोळी उचलताना ती विशेष जाणवते. ‘लागली की धीर निघत नाही’ ही मूत्राशय अवेळी आकुंचन पावल्याची. ‘रात्रंदिवस गळते’ ही मात्र निराळी. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशय व योनी यांमध्ये छिद्र पडले असल्यास व्यायामाने ते बुजत नाही. तेथे बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

सुटण्यावर पहिला उपाय व्यायामाचा. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगेल यांनी तो १९४८ साली मांडला. ‘आवळा’ एवढेच सांगितले तर पुष्कळ जणी पोट वा मांड्या आवळतात; ‘वारा अडवावा तसे आत ओढा’ म्हटले की नेमका स्नायू सापडतो. निदान आठ वेळा आवळणे, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. त्याआधी गुण नाही म्हणून सोडू नये. खोकला येण्यापूर्वी क्षणभर तोच स्नायू आवळण्याची सवयही उपयोगी पडते. अंग बाहेर येत असल्यास योनीत बसविण्याचे कडे आधार देते. ते मधूनमधून काढून स्वच्छ करावे लागते. स्थूल स्त्रीस वजन उतरल्याने लाभ होतो.

लागण्यावर मूत्राशयास वळण लावावे : दोन खेपांतील अवधी थोडाथोडा वाढवीत न्यावा, निदान सहा आठवडे. चहा कमी करावा. पाणी तोडणे मात्र चूक, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर घातकच. गढूळ, दाट लघवी मूत्राशयास अधिकच चाळवते. एवढ्याने न भागल्यास औषधे आहेत. पण त्यांतील काहींनी तोंड कोरडे पडते, मलावरोध होतो, वृद्धांस भ्रमही होऊ शकतो. जळजळ वा रक्त असल्यास आधी लघवी तपासावी.

भामरागड-एटापल्लीकडील माडिया बोलणाऱ्या स्त्रीचे म्हणणे दुभाष्यामार्फत येते. त्यातून ‘लघवीचा त्रास’ एवढेच उरले, तर तिन्ही क्रियापदे एकत्र मिसळतात व उपायही चुकतो. तेव्हा दुभाष्याकडून रोगाचे नाव मागू नये. लघवी जाण्याच्या क्षणी ती काय करीत होती, हे विचारून घ्यावे.