कर्जाची 'कोर्ट नोटीस' व्हॉट्सॲपवर आली? खरी आहे का ते फोनवरच तपासा, आणि मोफत वकील कुठे मिळतो तेही जाणून घ्या

"तुमच्याविरुद्ध कोर्टात केस दाखल झाली आहे. दोन तासांत पैसे भरा, नाहीतर अटक वॉरंट निघेल." असा मेसेज आणि सोबत अशोकस्तंभ, शिक्का आणि लाल अक्षरं असलेली पीडीएफ. गेल्या काही महिन्यांत वाचकांनी मला अशा बऱ्याच पीडीएफ पाठवल्या. बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "दादा, हे खरं आहे का?"

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की भारतातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या केसेस कुणालाही फोनवर मोफत पाहता येतात. म्हणजे घाबरून पैसे पाठवण्याआधी दहा मिनिटांत बरंच काही कळू शकतं. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नोटीस खरी निघाली तर ती डिलीट करून सुटका होत नाही. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी सांगतो: तपासायचं कसं आणि मदत मागायची कुठे.

आधी हे लक्षात घ्या: प्रत्येक नोटीस कोर्टाची नसते

फोनवर येणारे कागद साधारण चार प्रकारचे असतात.

१) वकिलाची नोटीस: बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वकिलाने लिहिलेलं पत्र. ही कोर्टाची कारवाई नाही, केस होण्याआधीची पायरी आहे. पण चेक बाउन्सची नोटीस असेल तर ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायची मुदत असते. ती उलटली की समोरच्याला परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता येते. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता (ईसीएस, नाच) बाउन्स झाला तरी 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्यात जवळपास तशीच तरतूद आहे.

२) लोकअदालतीची नोटीस: "या तारखेला तडजोडीसाठी हजर राहा" असं सांगणारी. केस दाखल व्हायच्या आधीही अशी नोटीस येऊ शकते. ही शिक्षा नव्हे, बोलणी करायची संधी आहे.

३) लवादाची नोटीस: कर्ज घेताना आपण न वाचता 'ॲग्री' दाबतो, त्या करारात बऱ्याचदा लवादाचं कलम असतं. हे कामकाज कोर्टाबाहेर चालतं, पण निकाल कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. त्यामुळे अशा ईमेलकडे दुर्लक्ष करू नका.

४) कोर्टाचं समन्स: यावर न्यायालयाचं नाव, केस नंबर, पक्षकारांची नावं आणि हजर राहायची तारीख असते.

आणि हो, नुसता हप्ता थकला म्हणून कुणाला अटक होत नाही. कर्ज थकणं ही मुळात दिवाणी बाब आहे. फसवणूक किंवा चेक बाउन्स असेल तरच फौजदारी कायदा मध्ये येतो. कोर्टाच्या नावाने कुणी यूपीआय आयडी पाठवून "इथे पैसे टाका" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. पीडीएफमध्ये पैसे भरायचा क्यूआर कोड दिसला तर आधी केस खरी आहे का ते तपासा.

फोनवर केस कशी शोधायची?

'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी ॲप प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवर मोफत आहे. त्याच नावाची खोटी ॲप्स टाळण्यासाठी डेव्हलपरचं नाव बघून घ्या. ॲप नको असेल तर ई-कोर्ट्सची वेबसाइट वापरा, तिथे फक्त कॅप्चा भरावा लागतो.

सीएनआर नंबर असेल तर: काम सोपं आहे. प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा हा नंबर मिळतो. पहिली दोन अक्षरं राज्याची (महाराष्ट्रासाठी 'एमएच'), पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. नंबर टाकला की केस समोर येते. नोटिशीवरचा नंबर टाकून काहीच आलं नाही, किंवा भलत्याच माणसाची केस आली, तर संशय घ्यायला जागा आहे.

नंबर नसेल तर नावावरून: राज्य, जिल्हा, न्यायालयाची इमारत, नाव आणि वर्ष भरा. इथे लोक अडकतात, म्हणून चार गोष्टी सांगतो.

- नाव इंग्रजीत टाका आणि पूर्ण टाकू नका. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी लिहितात. नुसतं आडनाव किंवा नुसतं नाव टाकून पाहा, किमान तीन अक्षरं लागतात. 'देशमुख', 'चौधरी', 'गायकवाड' यांची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे करून बघा.
- प्रत्येक तालुक्याचं न्यायालय वेगळं शोधावं लागतं. पुण्यात काही सापडलं नाही म्हणजे बारामतीतही नाही, असं नाही.
- चेक बाउन्सची केस तुमच्या गावातच होईल असं नसतं. 2015 च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या बँक शाखेत आहे, तिथल्या कोर्टात ती चालते. त्यामुळे साताऱ्यातल्या मुलावर दिल्ली किंवा चेन्नईत केस असू शकते. कंपनीचं नाव तक्रारदार म्हणून टाकून तिथेही शोधा.
- एकाच नावाची अनेक माणसं असतात. समोर कोणती कंपनी आहे ते आणि आदेशाची पीडीएफ पाहूनच "ही माझीच केस" असं ठरवा.

केस सापडली की केस टाइप बघा. महाराष्ट्रात 'आर.सी.एस.' म्हणजे साधा दिवाणी दावा. चेक बाउन्सच्या केसेस बहुधा 'एस.सी.सी.' खाली दिसतात. 'आर.डी.' म्हणजे दरखास्त, म्हणजे निकाल आधीच लागलाय आणि आता वसुली चालू आहे. त्याखाली पुढची तारीख, केस कोणत्या टप्प्यावर आहे आणि आजवरचे आदेश दिसतात. केस 'माय केसेस'मध्ये सेव्ह करून ठेवा, म्हणजे दर वेळी शोधावी लागणार नाही.

ई-कोर्ट्सवर नाही म्हणजे कुठेच नाही?

तसं नाही. लवादाचं कामकाज तिथे दिसत नाही. 20 लाख किंवा त्याहून जास्त रकमेची बँकांची वसुली कर्ज वसुली न्यायाधिकरणात (डीआरटी) चालते आणि त्याची वेबसाइट वेगळी आहे. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) आहेत. शिवाय नुकती दाखल झालेली केस ऑनलाइन दिसायला वेळ लागू शकतो. म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा शोधा.

आणि दिवाळखोरी? मला स्वतःला ती जाहीर करता येते का?

अमेरिकन मालिका बघून हा प्रश्न बरेच जण विचारतात. आपल्याकडे 2016 चा दिवाळखोरी कायदा (आयबीसी) कंपन्यांसाठी लागू आहे. व्यक्तींच्या बाबतीत तो 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. बाकी सामान्य माणसांसाठी आजही जुने नादारी कायदे आहेत: मुंबई शहरासाठी 1909 चा, इतर ठिकाणी 1920 चा. ही वाट लांबची आहे, मालमत्तेवरचा ताबा जातो आणि वकिलाशिवाय तिकडे वळू नये. दोन-चार ॲप्सच्या कर्जासाठी तडजोड जास्त व्यवहार्य ठरते.

मात्र तुमची कंपनी पगार थकवून बसली असेल किंवा बिल्डर बुडाला असेल तर आयबीसी तुमच्या कामाचा आहे. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटी) वेबसाइटवर कंपनीच्या नावाने केस शोधा. मग दिवाळखोरी मंडळाच्या (आयबीबीआय) वेबसाइटवर 'पब्लिक अनाउन्समेंट' बघा. दावा कुणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा ते तिथे लिहिलेलं असतं. कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी आणि फ्लॅट घेणाऱ्यांसाठी फॉर्म सीए असतो. दावा न भरता नुसती वाट बघत बसलात तर पैसे बुडायची शक्यता वाढते.

मोफत वकील कुठे मिळतो?

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. मदतीचा टोल-फ्री नंबर 15100. अर्ज 'नालसा'च्या वेबसाइटवरूनही करता येतो.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. म्हणजे महिना 20 हजार कमावणारा डिलिव्हरी बॉयसुद्धा यात बसतो. केस दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

फक्त सल्ला हवा असेल तर सरकारची 'टेली-लॉ' सेवा आहे. तिच्या ॲपवरून किंवा जवळच्या सीएससी केंद्रातून वकिलाशी बोलता येतं.

जाताना आधार, नोटीस, कर्जाचा करार, बँक स्टेटमेंट आणि धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट न्या. मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका, तोच तुमचा पुरावा आहे.

नोटीस खरी निघाली तर

- तारीख चुकवू नका. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून लेखी उत्तराला साधारण 30 दिवस असतात, 'समरी सूट' असेल तर हजर झाल्याचं कळवायला फक्त 10 दिवस. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो.
- लोकअदालतीला जा, पण सही जपून करा. तिथे तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. पण एकदा तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही. जमणार नाही असा हप्ता फक्त दबावाखाली मान्य करू नका.
- पगार सगळा जाईल ही भीती काढून टाका. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत.

वसुलीवाले त्रास देत असतील तर

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. नातेवाईक आणि मित्रांना फोन करून बदनामी करणं, शिवीगाळ करणं हेही चालत नाही. कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बघायची परवानगी नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी आजच काढून टाका.

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करा. ॲपच बनावट असेल, फोटो मॉर्फ करून धमकावत असतील, तर थेट 1930 वर फोन करा आणि सायबर पोलिसांकडे जा.

शेवटचं एक सांगतो. ही गोष्ट एकट्याने मनात ठेवू नका. वसुलीवाल्यांची अर्धी ताकद "घरी कळलं तर काय होईल" या आपल्या भीतीत असते. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आज सांगा, केस नंबर शोधा आणि 15100 फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. कर्ज फेडायला वेळ लागेल, पण त्याला कायद्याने ठरवून दिलेला रस्ता आहे.