एका वर्षाची पदवी, दहा वर्षांचे कर्ज

परदेशातून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आलेल्या तरुणांची काळा झगा आणि चौकोनी टोपीतील छायाचित्रे गोव्यातील अनेक घरांच्या भिंतींवर आता दिसू लागली आहेत. त्या छायाचित्रापर्यंतचा प्रवास कसा असतो, त्यात पैसा किती लागतो आणि नंतर हाती काय उरते, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. डिचोली तालुक्यातील एका वाणिज्य पदवीधर तरुणीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०२४ सालची चवथ आटोपून, माटोळी उतरवल्यानंतर दहाव्या दिवशी तिने इंग्लंडमधील लेस्टर शहराची वाट धरली. वडिलांचे बाजारात किराणा दुकान, आई गृहिणी, धाकटा भाऊ उच्च माध्यमिकात. घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच.

प्रवेशाआधीचा हिशेब

एमबीए आणि एम.एस्सी. मॅनेजमेंट या दोन पदव्यांत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. ब्रिटनमधील नामवंत एमबीए अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांच्या नोकरीचा अनुभव मागतात, एम.एस्सी. नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी असते. या तरुणीने दुसरा मार्ग निवडला. मुदत एक वर्षाची, शुल्क १७ हजार पौंड.

व्हिसासाठी शुल्काखेरीज नऊ महिन्यांच्या निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते. त्या वेळी लंडनबाहेर ती दरमहा १,०२३ पौंड, म्हणजे एकूण ९,२०७ पौंड होती. स्वतःच्या बचतीतून ती दाखवायची तर सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. त्यात व्हिसाचे ४९० पौंड आणि आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड. अधिभार वर्षाला ७७६ पौंड असला, तरी व्हिसा अभ्यासक्रमाच्या आधी-नंतरचे काही महिने धरून मिळतो, म्हणून दीड वर्षाचा आकार भरावा लागतो. पौंडाचा दर १०८ रुपये धरता ही सारी बेरीज ३० लाखांच्या घरात गेली. विमानाचे तिकीट आणि गरम कपडे वेगळेच.

बँकेने २० लाखांचे शैक्षणिक कर्ज दिले, ते घर तारण ठेवून. साडेसात लाखांपुढील कर्जाला बँका सहसा तारण मागतातच. उरलेले पैसे मुदतठेव मोडून आणि आईच्या पाटल्या विकून उभे राहिले. साडेदहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर २० लाखांचा मासिक हप्ता सुमारे २७ हजार रुपये होतो. अभ्यासक्रम संपून वर्षभर हप्ता सुरू होत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते. महिन्याला साडेसतरा हजारांचे ते व्याज वडील दुकानातून भरत राहिले.

चोपन्न गुणांचा धक्का

ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते. एका श्रेयांकामागे दहा तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, म्हणजे वर्षभरात १,८०० तास. त्यातले प्रत्यक्ष वर्गातले तास थोडे. बाकी सारे वाचन आणि लेखन स्वतःचे स्वतः करायचे. आठवड्याला जेमतेम दहा तासांचे वर्ग पाहून पहिल्या पंधरवड्यात तिला वाटले, अभ्यास हलका आहे.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या निबंधाला ५४ गुण मिळाले. पदवीला सतत पंचाहत्तरच्या वर राहिलेल्या मुलीला हा अपमान वाटला. तेथे ५० गुणांना उत्तीर्ण, ६० ला गुणवत्ता आणि ७० ला विशेष प्राविण्य मानतात. ८० गुण विरळाच. पण खरी अडचण गुणमोजणीच्या पट्टीची नव्हती. तिने चार विचारवंतांचे सिद्धान्त नेटकेपणे मांडले होते आणि शेवटी त्यांचा सारांश दिला होता. प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न लिहिला होता: यातले तुम्हाला काय पटत नाही? पुस्तकातील म्हणणे खोडण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असतो, ही गोष्ट पचवायला तिला डिसेंबर उजाडला. त्या महिन्यात लेस्टरला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. खोलीत दिवा लावून बसलेली ती घरी फोन करायची, तेव्हा डिचोलीत जेवणे आटोपत आलेली असायची. गुणांविषयी तिने घरी काही सांगितले नाही.

गटकार्य हा दुसरा धडा. पाच जणांच्या गटात नायजेरिया, चीन, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातून आलेले विद्यार्थी होते. गुण सर्वांना सारखेच मिळणार होते, काम मात्र सारखे होत नव्हते. एक जण बैठकीला येतच नसे. तिने निमूटपणे त्याच्या वाट्याचे काम केले आणि मग महिनाभर मनात राग धरला. नायजेरियाच्या सहकारिणीने, जिने दहा वर्षे बँकेत काम केले होते, तिला बैठकीचे टिपण ठेवायला शिकवले: कोणी काय करायचे, कधीपर्यंत. तेवढ्याने अर्धी भांडणे मिटली.

दुकानातली वही, वर्गातला सिद्धान्त

अभ्यासाने वळण घेतले ते खेळत्या भांडवलाच्या तासाला. व्यवसायात गुंतलेला पैसा परत हातात यायला किती दिवस लागतात, हे मोजण्याचे एक साधे सूत्र आहे. माल दुकानात पडून राहण्याचे दिवस आणि उधारी वसूल होण्याचे दिवस मिळवायचे. त्यातून पुरवठादाराने दिलेल्या मुदतीचे दिवस वजा करायचे. माल ४० दिवस राहिला, उधारी ३५ दिवसांनी आली आणि घाऊक व्यापाऱ्याने १५ दिवसांची मुदत दिली, तर दुकानदाराचा पैसा ६० दिवस अडकून पडतो. तेवढे दिवस त्याला दुसरीकडून पैसा उभा करावा लागतो.

वडील महिन्याच्या अखेरीस तंगीत का असतात, याचे उत्तर तिला त्या फळ्यावर दिसले. दुकानाच्या गल्ल्याखाली असलेली उधारीची वही तिने लहानपणापासून पाहिली होती. गिऱ्हाइकाला उधार देणे हा वडिलांच्या मते शेजारधर्म होता. त्याची किंमत दिवसांत मोजता येते, हे कोणी त्यांना सांगितले नव्हते. तिने प्रबंधासाठी तोच विषय निवडला: लहान किराणा दुकानातील उधारी आणि रोख पैशांची चणचण. वडिलांनी वहीच्या तीनशेहून अधिक पानांची छायाचित्रे पाठवली. नावे झाकून तिने दोन वर्षांच्या नोंदी तक्त्यात भरल्या. प्रबंधाला ६८ गुण मिळाले.

वीस तासांची मर्यादा

विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येते. ही मर्यादा मोडणे व्हिसाच्या अटींचा भंग ठरते आणि पुढील प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. स्वतःचा व्यवसाय करण्यासही मनाई आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यायला हवी: उन्हाळ्यातील प्रबंधाचे महिने त्यांच्यासाठी सुट्टी नसून सत्रच असते, त्यामुळे तेव्हाही मर्यादा २० तासांचीच.

ही तरुणी एका गोदामात पाकिटे बांधत असे. तेव्हाच्या किमान वेतनाने, ताशी ११.४४ पौंड या दराने, पूर्ण २० तास मिळाले तर आठवड्याला सुमारे २२९ पौंड होत. खोलीभाडे, बसभाडे आणि जेवण त्यात निभावले. शुल्काचा एक पौंडही त्यातून सुटला नाही. ‘तेथे काम करून फी भरता येते’ असे सांगणाऱ्या दलालांचे म्हणणे येथे पडताळून पाहावे. अशा अनेक सल्लागारांना विद्यापीठांकडून प्रवेशामागे दलाली मिळते, म्हणून कोणत्या विद्यापीठाशी त्यांचा करार आहे, हे पालकांनी आधीच विचारावे.

पदवीनंतरचा उंबरठा

२०२५ ची चवथ तिने प्रबंधाच्या शेवटच्या आठवड्यात, फोनच्या पडद्यावर पाहिली. निकालानंतर तिने दोन वर्षांचा पदवीधर व्हिसा घेतला. त्याचे ८८० पौंड आणि दोन वर्षांच्या आरोग्य अधिभाराचे २,०७० पौंड मिळून जवळपास साडेतीन लाख रुपये पुन्हा गेले. सध्या ती एका छोट्या कंपनीत हिशेबनीस साहाय्यक आहे. पगार वर्षाला २६ हजार पौंड. कर वजा जाता महिन्याला सुमारे १,८५० पौंड हाती येतात. त्यातून कर्जाचे व्याज आता तीच भरते. सप्टेंबर २०२६ पासूनचा पूर्ण हप्ताही भरता येईल, असा तिचा हिशेब आहे.

पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. कुशल कामगार व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान वेतन ४१,७०० पौंड आणि नवोदितांसाठी ३३,४०० पौंड झाले आहे. तिचा पगार त्याहून बराच कमी आहे. शिवाय नोकरी देणाऱ्या कंपनीकडे प्रायोजकत्वाचा परवाना लागतो. अनेक अर्जांत पहिलाच प्रश्न असतो: भविष्यात तुम्हाला प्रायोजकत्व लागेल का? ‘हो’ लिहिले की बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही.

यापुढे जाणाऱ्यांसाठी वाट आणखी अरुंद होत आहे. लंडनबाहेरच्या निर्वाहाची रक्कम नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा १,१७१ पौंड झाली, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पदवीधर व्हिसा दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा मिळेल. पोर्तुगीज पारपत्र असलेल्या गोमंतकीयांनाही २०२१ पासून, तेथे आधीच स्थायिक असलेले वगळता, ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थी म्हणूनच व्हिसा घ्यावा लागतो.

परतणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या करारानुसार तेथील एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला भारतात मान्यता मिळाली. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावटही घेता येते. कर्ज मात्र रुपयांतील पगारातून फेडायचे असते. गोव्यात नवख्या पदव्युत्तराला मिळणारा पगार आणि २७ हजारांचा हप्ता यांची सांगड घालूनच घर तारण ठेवायचे की नाही, हे ठरवावे.

या तरुणीची मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. वडील तिला परत ये म्हणत नाहीत आणि राहा असेही म्हणत नाहीत. त्यांनी एक बदल मात्र केला आहे. उधारीच्या वहीत आता प्रत्येक नोंदीसमोर दिनांक असतो आणि तीस दिवस उलटले की गिऱ्हाइकाला आठवण दिली जाते. घाऊक व्यापाऱ्याकडूनही त्यांनी आणखी दहा दिवसांची मुदत मागून घेतली. महिन्याची अखेर आता थोडी सुसह्य झाली आहे.