पुन्हा श्रीगणेशा

आमच्या घरात गेले वर्षभर एका चमच्यावरून वाद चालू आहे. नानांना अर्धांगाचा झटका आला नि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी सांगते, "आजोबांना स्वतःच्या हाताने जेवू द्या." आई म्हणते, "इतकी वर्षे संसार केला, तो काय यांच्या अंगावर आमटी सांडलेली पाहायला?" आणि चमचा हातात घेते.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पुस्तके चाळू लागलो, तेव्हा व्यवसायबंधूच भेटले!

पेद्रो बाक-इ-रिता हे कॅटलान कवी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवीत. १९५९ साली, पासष्टाव्या वर्षी त्यांना झटका आला. अर्धे अंग गेले, वाचाही गेली. आशा नाही, असेच सर्वांनी सांगितले. मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकी शिकत होता. त्याने वडिलांना तिकडे नेले आणि चक्क तान्ह्या मुलासारखे रांगायला लावले. शेजाऱ्यांना ते पाहवेना. पुढे जमिनीवरच्या गोट्या पकडणे आले. मग अधू हाताने पातेली घासणे, पंधरा मिनिटे एका अंगाने, पंधरा उलट्या. वर्षभराने प्राध्यापक पुन्हा वर्गात उभे राहिले! बहात्तराव्या वर्षी कोलंबियात डोंगर चढताना ते हृदयविकाराने गेले. शवपरीक्षेत दिसले, की मेंदूकडून कण्याकडे जाणारे ९७ टक्के मज्जातंतू नष्टच होते.

मेलेल्या पेशी परत आल्या नव्हत्या. उरलेल्यांनी काम उचलले होते. पण ते शिकवावे लागते. रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ साली माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूतल्या हाताच्या प्रदेशाचा लहानसा भाग निकामी झाल्यावर, ज्यांना सराव दिला नाही त्यांचा शेजारचा धडधाकट प्रदेशही आकसला. ज्यांच्याकडून अधू हाताने खाऊ वेचून घेतला त्यांचा टिकला. काहींचा तर कोपर-खांद्याच्या हद्दीत शिरला.

हे वाचून मी चरकलो. आम्ही वर्षभर मायेने नानांचे काय काढून घेत होतो?

सर्वांनाच पेद्रोंइतके यश येत नाही, हे खरे. डोंगराची गोष्ट मी घरात सांगितलेलीच नाही. आईशी वादही घातला नाही. दिवाळीच्या वातींचा कापूस तेवढा नानांपुढे ठेवला. काल त्यांनी तासाभरात पाच वाती वळल्या. त्यांतल्या दोन आईने त्यांची नजर चुकवून पुन्हा वळल्या.