वीतभर मातीखालचा मुलूख

सान फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वतीरावर, मिशन पीक नावाच्या अडीच हजार फुटांच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या फ्रीमाँट शहराची चिकणमाती उन्हाळाभर इतकी टणक असते की खुरपे तिच्यावरून नुसते घसरते. परंतु आपल्याकडे आकाशकंदील लागण्याच्या सुमारास येथे पावसाची पहिली सर येते, माती मऊ पडते, आणि तिच्या पोटात दडलेल्या धातूचा आवाज अधिक खोलवरून ऐकू येऊ लागतो, निदान या छंदातील जाणत्यांचा आणि माझाही अनुभव तसा आहे. मग कानांवर हेडफोन चढवून, कमरेला पिशवी बांधून आणि हाती लांब दांड्याचे मेटल डिटेक्टर घेऊन काही माणसे जुन्या घरांच्या परसांतून अतिशय संथ गतीने येरझारा घालताना दिसतात. त्यांपैकी एक मी. ज्या छंदाने माझ्या सुट्ट्यांवर कित्येक वर्षे आपला अंमल बसविला आहे, त्याविषयी मराठीत लिहिण्याची संधी दिवाळी अंकाच्या ऐसपैस पानांमुळे मिळते आहे, तेव्हा हात आखडता घेण्याचे कारण नाही.

इतिहास मी भराभर उरकतो. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा देहात रुतलेली ती गोळी हुडकण्यासाठी टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत्प्रवर्तनावर चालणारे उपकरण सिद्ध केले, पण त्यास यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने एका सैनिकास उचलता येईल असा सुरुंगशोधक बनविला आणि १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात तो ब्रिटिश फौजेच्या कामी आला. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि यंत्र हलके व स्वस्त झाले. या मालिकेतील जो पुरुष मला सर्वांत प्रिय आहे, तो मात्र आमच्या शेजारचा. फ्रीमाँटहून डंबार्टन पुलाने उपसागर ओलांडला की थोड्याच वेळात पालो आल्टो लागते. जर्मनीतून आलेला गेरहार्ड फिशर तेथे राहत असे. विमानांना दिशा दाखविणाऱ्या रेडिओयंत्रावर तो काम करीत असता, मध्ये एखादी धातूची इमारत किंवा खनिजयुक्त डोंगर आला की यंत्र भलतीच दिशा दाखविते, अशी तक्रार त्याच्या कानी आली. जो दोष काढून टाकायचा, त्याच दोषाने जमिनीतील धातू दाखविता येईल, हे त्याला सुचले. १९३१ साली घराच्या गॅरेजमध्ये त्याने आपला कारखाना मांडला आणि १९३७ साली त्याच्या 'मेटॅलास्कोप'ला पेटंट मिळाले. दोन चपट्या लाकडी पेट्या, त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि व्हॅक्यूम ट्यूब, असा तो अवजड संसार होता. त्याच गावातील ह्यूलेट आणि पॅकार्ड यांचे गॅरेज जगप्रसिद्ध आहे; फिशरचे गॅरेज त्याहून सातआठ वर्षांनी वडील असूनही त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

आजच्या यंत्राच्या टोकाला असलेल्या थाळीत, जिला आम्ही कॉइल म्हणतो, दोन वेटोळी असतात. एकातून उलटसुलट धावणारा प्रवाह सोडला जातो व त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. तेथे धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र निर्माण होते, आणि दुसरे वेटोळे ते टिपते. हा प्रतिसाद मूळ लहरीच्या किती मागे पडला, यावरून धातूची वाहकता कळते. चांदी व तांबे उत्तम वाहक, त्यांचा अंक पडद्यावर उंच उमटतो आणि स्वरही उंच लागतो. शिसे, निकेल व बारीक सोने खालच्या पट्टीत येतात. लोखंड चुंबकीय असल्याने सर्वांत खाली घुमते. स्वस्त यंत्र दीडदोनशे डॉलरांत मिळते, चांगले पाचसहाशेत. पण त्याहून अधिक महत्त्वाचा मला वाटतो तो पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात घालून वस्तूची नेमकी जागा दाखविणारी बोटभर जाडीची कांडी, आणि एक धारदार, दाते असलेले खुरपे. हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर उलटावा, काढलेली माती फडक्यावर घ्यावी, वस्तू काढून माती परत भरावी आणि तुकडा जागच्या जागी दाबून बसवावा. दुसऱ्या दिवशी घरमालकास खणल्याची जागा सापडली नाही, तर माणूस या विद्येत उत्तीर्ण झाला असे समजावे.

येथील परसांत जे सापडते त्यात नाणी मुख्य. १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टर या नाण्यांत ९० टक्के चांदी असे. १९६५ पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे पत्रे चढले. फ्रीमाँट हे सेंटरव्हिल, नायल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सान होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे एकत्र करून १९५६ साली स्थापन झाले, म्हणजे येथील नव्या वसाहतींच्या हिरवळींना चांदीच्या चलनाची शेवटची आठनऊ वर्षेच लाभली. जुन्या पाच गावांच्या मूळ घरांभोवती मात्र १९१६ ते १९४५ या काळातील पंख असलेल्या टोपीतील चेहऱ्याची डाइम अजूनही निघते, आणि चांदी सहजी गंजत नसल्यामुळे चिखलातून ती बहुधा लख्ख बाहेर येते. सेंटची दशा याच्या उलट. १९८२ पर्यंत तो ९५ टक्के तांब्याचा होता, त्यानंतर जस्ताचा झाला व वर तांब्याचा नुसता मुलामा राहिला. मुलामा फुटला की ओली माती जस्त खाऊन टाकते आणि हाती येते ती कुरतडलेली चकती. १९४२ ते १९४५ या युद्धकाळातील पाच सेंटांच्या नाण्याचा मला विशेष लोभ आहे, कारण निकेल युद्धसामग्रीला हवे म्हणून त्या चार वर्षांत त्यात ३५ टक्के चांदी घातली गेली आणि ओळख पटावी म्हणून टांकसाळीचे अक्षर मागच्या बाजूस, इमारतीच्या घुमटावर मोठ्या आकारात ठसविले गेले. युद्धाचा असा दस्तऐवज कोणाच्याही परसात निघू शकतो.

आता माझ्या आवडीच्या प्रांताकडे, दागिन्यांकडे, वळतो. माझ्या यंत्रावर निकेलच्या पाच सेंटांच्या नाण्याचा अंक १२-१३, जस्ताच्या सेंटचा २१च्या आसपास, डाइमचा २५ ते २७, आणि शीतपेयाच्या डब्याच्या जुन्या, उपटून काढायच्या कडीचा ११ ते १५. दुर्दैव असे की १४ कॅरटची अमेरिकन अंगठीही पुष्कळदा याच शेवटच्या पट्टीत बोलते. म्हणून ज्याला सोने हवे त्याने कड्या उपसल्याच पाहिजेत, त्यावर तोड नाही. परंतु आपले सोने १४ कॅरटचे नसते. ते २२ कॅरटचे, म्हणजे अधिक शुद्ध व अधिक वाहक. मग त्याचा अंक कोठे पडतो? हे पाहण्यासाठी मी घरामागे मातीचा एक वाफा राखला, आणि पत्नीने मोठ्या विश्वासाने दिलेले दागिने दोऱ्याला बांधून त्यात निरनिराळ्या खोलीवर पुरून पाहिले. बांगडी ही अखंड, मोठी कडी असल्यामुळे तिचा आवाज दणदणीत. पाटलीचेही तसेच. वेढणे मात्र शुद्ध सोन्याचे असूनही अंगठीपेक्षा बरेच क्षीण बोलते, कारण त्याची टोके एकमेकांस जुळलेली नसतात आणि कडी पुरी होत नसल्याने भोवऱ्याचा प्रवाह फेरी मारू शकत नाही. चांदीच्या जोडव्यांचीही तीच गत. पैंजणाची साखळी यंत्राला साखळी म्हणून दिसतच नाही, त्याला एकेक बारीक कडी वेगळी दिसते, आणि एवढीशी कडी ऐकू येणे कठीण. घुंगरू आणि फासा तेवढे ऐकू येतात. नथीचे मोती निःशब्द, तार अगदी बारीक, तेव्हा नथ हरवली तर यंत्रापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी.

मंगळसूत्राचे गणित सर्वांत नाजूक. काळ्या मण्यांना आवाज नाही, गुंफणीची तार जवळजवळ नाही, आणि सारी आशा दोन वाट्यांवर. त्या पोकळ व पातळ पत्र्याच्या असल्याने त्यांचा अंक अंगठीहून खाली येतो आणि दोनतीन इंचांपलीकडे विरून जातो. हे ज्ञान येथील सांताक्रूझच्या किनाऱ्यावर उपयोगी पडले. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या एका काकूंचे मंगळसूत्र नातवाशी खेळताना तुटले आणि मणी वाळूत विखुरले. ओल्या खाऱ्या वाळूत समुद्रच वाहक बनून यंत्राला भ्रमित करतो, त्यासाठी एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे यंत्र लागते. सुदैवाने जागा कोरडी होती. मी दोरीने चौकोन आखून घेतले, कॉइल वाळूला जवळजवळ टेकवून फिरविली, आणि एरवी सोडून दिला असता असा प्रत्येक दुबळा आवाज तपासला. पहिली वाटी लवकर मिळाली, दुसरी सूर्य कलल्यावर. काकू म्हणाल्या, "मणी राहू देत रे बाळ, नवे ओवता येतील. ही माहेरची आणि ही सासरची, दोन्ही आल्या, झालं." त्या प्रसंगानंतर परिचयातून परिचयात बातमी जाऊन उपसागर परिसरातील मराठी घरांतून मला बोलावणी येऊ लागली, आणि आता माझे अर्धे शोधकार्य अशा हरवलेल्या दागिन्यांचेच असते. पुरलेल्या हंड्यापेक्षा मला त्यात अधिक समाधान आहे.

हंडे नसतात असे नव्हे. २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या सुवर्णक्षेत्रातील एका जोडप्याला स्वतःच्या जमिनीत कुत्र्याला फिरविताना एक गंजलेला डबा दिसला. पुढे त्यांनी मेटल डिटेक्टरही लावला आणि एकूण आठ डब्यांतून १८४७ ते १८९४ या काळातील १,४२७ सुवर्णमुद्रा निघाल्या. दर्शनी किंमत २७,९८० डॉलर, बाजारभावाने अंदाजे एक कोटी. इंग्लंडात १९९२ साली हॉक्स्ने येथे एक गृहस्थ शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी सापडली. त्यांनी स्वतः सर्व उपसण्याचा मोह आवरून अधिकाऱ्यांस वर्दी दिली, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो साठा जागच्या जागी अभ्यासता आला. ती हातोडीही मिळाली आणि नाण्यांबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. या दोन कथांत दुसरी मला श्रेष्ठ वाटते.

कारण वस्तूइतकेच तिचे ठिकाण मोलाचे. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल या गृहस्थांना झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार अप्रतिम कांस्यशिल्पे मिळाली. पुढे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तेथे रीतसर उत्खनन केले, तरी ती शिल्पे कोणत्या थरातली हे त्या क्षणी नोंदले न गेल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. यात त्या गृहस्थांचा काही दोष नाही. पण मुद्दाम यंत्र घेऊन निघणाऱ्याला ही सबब सांगता येणार नाही. आपल्याकडे १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरील निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे, संरक्षित स्थळी खणणे तर गुन्हाच. तरी पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घालून गुप्तधन पाहण्याचे वेड अद्याप पुरते गेलेले नाही, आणि त्यापायी घडणाऱ्या अघोरी कृत्यांना आळा घालण्यासाठीही महाराष्ट्राला २०१३ साली वेगळा कायदा करावा लागला. ज्या गडांवर आपण मुजरा करायला जातो तेथे रात्री डिटेक्टर नेणाऱ्यांविषयी माझ्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही.

फ्रीमाँटमध्येही सर्वांत मोहक जमीन बंदच आहे, आणि ती तशीच राहावी. १७९७ साली स्थापन झालेले मिशन सान होजे, १८६८ च्या भूकंपात कोसळलेले त्याचे चर्च (आजचे १९८५ साली पुन्हा उभारलेले), सुवर्णशोधकांची त्याच गावातून गेलेली वाट, कोयोट हिल्सवरचा येथील मूळनिवासी ओलोनी लोकांचा शंखशिंपल्यांचा प्राचीन ढीग: येथे खुरपे लावणे हे ओलोनींच्या पूर्वजांच्या अस्थींना लावण्यासारखे आहे. खाडीतल्या दलदलीत ड्रॉब्रिज नावाचे ओसाड गाव आहे. १८७६ साली रेल्वेच्या फिरत्या पुलाच्या रखवालदाराच्या खोलीपासून ते सुरू झाले, बदकांच्या शिकाऱ्यांनी वाढविले आणि १९७९ साली शेवटचा रहिवासी निघून गेला. लोक मौल्यवान चीजवस्तू मागे टाकून गेले आहेत, असा मजकूर वृत्तपत्रांतून आला आणि माणसे राहत असतानाच तेथे लूट व मोडतोड झाली. आज ते वन्यजीव अभयारण्यात मोडते, जेथे पुरलेला ठेवा शोधण्यास संघराज्याच्या कायद्याने मज्जाव आहे. मी आगगाडीच्या खिडकीतून त्या कललेल्या घरांकडे पाहतो.

उरतात ती खाजगी परसे, मालकाच्या अनुमतीने. ती मी लेखी घेतो आणि प्रत्येक वस्तूची जागा, खोली व तारीख वहीत नोंदतो. परक्याची हरवलेली वस्तू शंभर डॉलर वा अधिक किमतीची असेल आणि मालक कळत नसेल, तर ती कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार पोलिसांकडे जमा करून नव्वद दिवसांची मुदत पाळावी लागते.

या पावसाळ्यासाठी नायल्समधील एका घराचे परस मिळाले आहे. चार्ली चॅप्लिनने १९१५ साली ज्या गावात मूकपट काढले तेच हे नायल्स. आजोबांचे खिशातले घड्याळ अंगणात कोठेतरी पडले आणि पुन्हा दिसले नाही, असे मालकीणबाई सांगतात. ते चांदीचे असेल तर अंक तीसच्या पलीकडे जाईल; निकेलमिश्रित असेल तर बराच खाली घसरेल; आणि साखळीचा तर उपयोगच नाही. म्हणून दोरीचे चौकोन आखून, कड्यांसकट प्रत्येक आवाज खणावयाचा, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे, आणि आरंभ लिंबाच्या झाडाखालून करायचा आहे, कारण आजोबांची खुर्ची तेथे असे.